प्रॉम्प्टरच्या बाबांचं पत्र

इंदूर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

आभार मानायचे आहेत, पण आधी मे महिन्यातल्या त्या फोनबद्दल माफी मागतो. "लेकीला नाटकात काम करायला पाठवलंय, पडद्यामागे लपवायला नाही," असं मी चढ्या आवाजात म्हणालो होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "अहो, एकदा तालमीला येऊन बसा."

माझा राग जुना होता. तिसरीत असताना एका स्नेहसंमेलनात ती कवितेच्या दुसऱ्याच ओळीला अडली. सूत्रसंचालन करणाऱ्यांनी हसत हसत माईक काढून पुढच्या मुलाच्या हातात दिला. तेव्हापासून ती पाहुण्यांसमोर तोंड उघडेना. त्यात आपलं इंदुरी मराठी! घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे पोरांच्या तोंडी पोळीची 'पोली' आणि वेळेची 'वेल' होते. त्यावरूनही सुट्टीत पुण्याहून आलेली भावंडं हसायची. अशा मुलीला तुम्ही प्रॉम्प्टर केलंत, म्हणजे विंगेत उभं राहून विसरलेल्यांना वाक्य आठवून देणारी. मला ती बोळवण वाटली.

रामबागेतल्या त्या हॉलमध्ये मागे खुर्ची टाकून बसलो. तुम्ही तिला संहितेत पेन्सिलीने खुणा करायला लावल्या होत्या. पॉज असेल तिथे उभी रेघ, कोणी हमखास अडखळत असेल तिथे गोल. थांबलेलं पात्र समोरच्या पात्राकडे बघतं, विसरलेलं जमिनीकडे नाहीतर विंगेकडे, हे तुम्ही तिला दाखवून दिलंत. अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द पुरे. आणि कुजबुजायचं तर नाहीच, कारण कुजबुजीतला 'स' तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. हलक्या पण खऱ्या आवाजात बोलायचं. (सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुंबईत बालरंगभूमी सुरू केली, तेव्हापासूनचं बरंच काही तुम्ही पालकसभेत सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा मोबाइल बघत होतो.)

खरं सांगू? आम्ही इथल्या 'सानंद' संस्थेच्या नाटकांना वर्षानुवर्षं जातो, पण विंगेत कोण उभं असतं असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

रवींद्र नाट्यगृहातल्या प्रयोगात राजवैद्य झालेला मुलगा "वेळ निघून गेली, महाराज" या वाक्याआधी गप्प झाला. मी पाचव्या रांगेत घामाघूम. विंगेतून काही येईना. मला वाटलं, हिचीही बोबडी वळली. मग त्याने महाराजांवरची नजर काढून पायांकडे नेली, आणि पुढच्याच क्षणी वाक्य आलं. तिने फक्त "वेळ" म्हटलं होतं, ळ अगदी ठसठशीत, हे त्या मुलानेच नंतर सांगितलं. आम्हाला ऐकूही आलं नव्हतं.

शेवटी पात्रांची ओळख करून देताना तुम्ही तिलाही हाक मारलीत. ती आली नाही, वही छातीशी धरून विंगेतच उभी राहिली. लाजली असेल म्हणून मी घरी येताना गाडीत समजूत घालायला लागलो, तर म्हणाली, "बाबा, पडदा पडेपर्यंत प्रॉम्प्टरनी जागा सोडायची नसते." आणि लगेच, "आज फक्त तीनदा बोलावं लागलं!" गणितात किती पडले ते विचारावं लागतं, हा आकडा मात्र ती भेटेल त्याला सांगत सुटली आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या आईला हल्ली शब्द सापडत नाहीत. मी घाईने पुरवतो आणि ती चिडते. परवा सकाळी पोह्यांची बशी पुढे ओढून ती म्हणाली, "जरा ते दे... ते वरून घालतो ते..." मी तोंड उघडणार, तोच लेकीने टेबलाखालून माझा हात दाबला. आजीच्या डोळ्यांकडे बघत ती थांबली. बराच वेळ. पोहे गार व्हायला लागले. आजीची नजर बशीत उतरली तशी ही हळूच म्हणाली, "जी..."

"जीरावन!" आई म्हणाली. "कळतंय मला, मध्ये मध्ये बोलू नकोस."

पुढच्या नाटकाच्या तालमींना खुर्च्या मांडायला मी येतो. किती वाजता ते कळवा.

आपला,
प्रॉम्प्टरचा बाबा