‘पेंटिंग बॅकग्राउंड’ सुविधेतील बिघाड आणि उरलेल्या वर्गणीच्या परताव्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वरीलप्रमाणे

महोदय,

तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. मी आणि धाकटा भाऊ लग्नाचे करिझ्मा अल्बम (फोटो पानांवरच छापलेले) स्वतः डिझाइन करतो, छपाई शहरातल्या लॅबमध्ये होते. तुमच्या ॲपची वार्षिक वर्गणी भरली ती ‘पेंटिंग बॅकग्राउंड’ या एका बटणासाठी. आमच्याकडच्या मंगल कार्यालयांत नवरा-नवरीच्या मागे नेमका कूलर, रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कुणाचा तरी उंच धरलेला मोबाईल येतो. नुसतं ब्लर केलं तर सगळं एकजात धुरकट होतं. स्मज केलं, म्हणजे ब्रशने रंग ओढला, की खुर्च्यांचा लाल आणि मंडपाचा पिवळा फटकाऱ्या-फटकाऱ्यांनी उतरतो, आणि गिऱ्हाइकाला ते हाताने रंगवलेलं वाटतं. जुन्या आवृत्तीत हे नीट व्हायचं.

नव्या अपडेटनंतर सगळ्यात मोठा घोळ मुंडावळ्यांचा. ॲप माणसाला आपोआप वेगळं काढतं. चेहरा, खांदे, शालू ओळखतं; पण गालालगत लोंबणारे मोत्यांचे सर त्याला पार्श्वभूमी वाटतात. मग त्यांच्यावरूनही ब्रश फिरतो आणि मुंडावळी लाळ गळावी तशी मागच्या पडद्यात ओघळते. नथीच्या कडेचे मोती आणि सुटे केस यांचीही तीच गत. पूर्वी मास्क (माणूस कुठे संपतो ती आखलेली सीमा) हाताने दुरुस्त करता यायचा. ती सोय तुम्ही काढून टाकली, आणि अपडेटच्या माहितीत त्याला ‘अधिक सोपं’ म्हटलंय. कुणाला सोपं, ते लिहिलेलं नाही.

शिवाय शालूचा हिरवा रंग कडेने बाहेर ओढला जातो. स्मज म्हणजे ब्रशखालचा रंग पुढे सरकवणं, त्यामुळे कडेवर जे असेल ते वाहत जाणारच. म्हणून हाताने काम करणारा आधी माणसामागची जागा आजूबाजूच्या रंगांनी भरून घेतो, मग तिथे ब्रश चालवतो, आणि मूळ माणूस वरच्या लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) सुरक्षित ठेवतो. तुमचं ॲप हा टप्पाच गाळतं. इफेक्ट थेट मूळ फोटोवर बसतो, वेगळा लेयर मिळत नाही.

आता छपाईचं. आमची शीट १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल. तुमचा प्रिव्ह्यू साधारण १८०० पिक्सेल रुंद. त्यात ४० पिक्सेलचा फटकारा दिसतो; शीट सहापट रुंद, म्हणून तो तिच्यावर दोन सेंटिमीटरचा यायला हवा. पण एक्स्पोर्ट करताना ॲप ब्रशचा आकार फोटोच्या प्रमाणात वाढवत नाही, ४० पिक्सेलच ठेवतं. छापून येतो जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा. म्हणजे स्क्रीनवर गिऱ्हाइकाने पसंत केलेलं चित्र अल्बममध्ये नसतंच. तिथे दिसते बारीक खरखर, आणि मागचा कूलर पुन्हा ओळखू येतो. अशी छापून आलेली शीट आम्हाला स्वखर्चाने पुन्हा काढावी लागली.

तो अल्बम शेवटी भावाने फोटोशॉपमध्ये स्मज टूलने हाताने केला: रिकामा लेयर, ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ (सगळ्या थरांतले रंग उचलण्याची सोय) चालू, खरखरीत ब्रश, स्ट्रेंग्थ ८५च्या आसपास. (१०० ठेवली तर एकच रंग शेवटपर्यंत फरफटत जातो, फार कमी ठेवली तर नुसतं पुसल्यासारखं दिसतं.) काम सुंदर झालं, पण मग तुम्हाला पैसे कशाचे?

मी फोटो, एक्स्पोर्ट फाइल आणि स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, कॅशे साफ करून ॲप पुन्हा इन्स्टॉल करा. केलं. मुंडावळ्या होत्या तशाच ओघळल्या. दुसरं उत्तर आलं की कलात्मक परिणाम हा आवडीनिवडीचा भाग आहे. दोन सेंटिमीटर आणि साडेतीन मिलिमीटर यांत आवडीनिवडीचा प्रश्न कुठे येतो?

माझी मागणी अशी: जुनी आवृत्ती वापरायला द्या, किंवा उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. पुन्हा छापलेल्या शीटचं लॅबचं बिल सोबत जोडलं आहे, तेही भरून द्या. आणि जाहिरातीतलं ‘प्रिंटसाठी तयार’ हे वाक्य दोष दूर होईपर्यंत काढा.

व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू नाही, असं तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यावसायिक धरत नाही; माझ्या मते हेच तत्त्व सेवेलाही लागू व्हायला हवं. तक्रार माझ्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर आयोगात जाईन.

आपला,
एक वर्गणीदार

सोबत: मूळ फोटो, एक्स्पोर्ट फाइल, छापील शीटचा फोटो, लॅबचं बिल, वर्गणीची पावती