सूचना : मार्गदर्शक पानांवरच्या तुटक्या लिंक

सर्व सदस्यांना नमस्कार.

बीडब्ल्यूए, बोटाय आणि सॅमटूल्स या डीएनए-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या आपल्या पानांवरची प्रत्येक लिंक या आठवड्यात उघडून पाहावी. सॅमटूल्सचे बिऱ्हाड सोर्सफोर्ज या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावरून एचटीएसलिब डॉट ऑर्गवर हलले, त्याला वर्षे लोटली. आपण मात्र अजून जुन्याच पत्त्यावर पाहुणे पाठवतो!

संदर्भ जिनोमच्या (तुलनेसाठी वापरायच्या प्रमाण डीएनए-क्रमाच्या) ‘एफटीपी’ने सुरू होणाऱ्या लिंक सगळ्यात आधी बदला. २०२१ पासून क्रोम आणि फायरफॉक्स त्या उघडतच नाहीत. एनसीबीआयच्या (अमेरिकेतील जैवमाहिती केंद्राच्या) बाबतीत सुरुवातीला ‘एफटीपी’ऐवजी ‘एचटीटीपीएस’ केले की तोच पत्ता चालतो. शोधनिबंधांसाठी लिंक म्हणून डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) द्या.

आणि हो, पान उघडले म्हणजे काम झाले असे नाही; मजकूर आपण सांगितलेल्या आवृत्तीचाच आहे ना, तेही वाचा. बदललेली लिंक तारखेसह नोंदवा.