ती ट्रंक मी रद्दीत देणार नाही

अमळनेर, १२ जुलै

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "आई, घराला रंग काढताय ना, मग माझी ती कॉमिक्सची ट्रंक रद्दीवाल्याला देऊन टाक. ऑफिसात कुणाला सांगितलं तर हसतात, या वयात कॉमिक्स वाचतो म्हणून." तेव्हा मी काही बोलले नाही, मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री सगळे झोपल्यावर ट्रंक उघडली आणि फरशीवर बसून राहिले. आज सवडीनं लिहिते आहे. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं.

ट्रंक तुझी आहे असं तुला वाटतं, कारण वरचे दोन थर तुझे आहेत. त्याखाली तुझ्या पणजीचं एक जुनं लुगडं आहे आणि लुगड्याच्या घडीत माझे इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आहेत, एकतीस. तुझी पुस्तकं मी त्यांच्यावर रचत गेले ती जागा होती म्हणून नव्हे. मला ती एकाच पेटीत हवी होती.

तू भुसावळचं क्वार्टर पाहिलेलं नाहीस. कोपऱ्यावर कडुनिंबाखाली एक काका पेटी मांडून बसायचे. झाडापासून खांबापर्यंत सुतळी बांधलेली आणि तिच्यावर कॉमिक्स लटकवलेली. तिथेच बसून वाचलं तर दहा पैसे, घरी नेलं तर दिवसाचे पंचवीस. एकट्याकडे पंचवीस पैसे कधीच नसायचे. पाच जण पाच-पाच पैसे काढायचो आणि एका अंकावर पाच डोकी वाकायची. मे महिन्यातली भुसावळची दुपार तुला ठाऊक आहे, बाहेर जाळ आणि आत वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून केलेला अंधार. त्या अंधारात, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत आम्ही अंक धरायचो. पान कोण उलटणार हे आधी ठरायचं. ज्याचं वाचून झालं त्याला घाई, आणि ज्याचं चित्र बघायचं राहिलं तो मनगट धरून ठेवायचा.

वरच्या क्वार्टरमध्ये एक तेलुगू मुलगा होता. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. तो चित्रांवरून गोष्ट लावायचा आणि पुष्कळदा खलनायक आमच्याआधी ओळखायचा, कारण आम्ही अक्षरं बघत होतो आणि तो चेहरे. जादूगार मॅन्ड्रेक हात हलवायचा तेव्हा त्याच्या बोटांची ठेवण बघ असं आम्हाला त्यानंच सांगितलं. आम्हा मुलींना बहादूरच्या गोष्टीतली बेला आवडायची, ती त्याच्या बरोबरीनं लढायची म्हणून. वेताळ, म्हणजे मूळचा मुखवट्यातला फँटम, आणि मॅन्ड्रेक दोघंही अमेरिकेच्या वर्तमानपत्रांतून आले होते, बहादूर मात्र आपल्या मातीतला, आबिद सुरतींनी १९७६ साली उभा केलेला. भगवा कुडता, खाली जीन्स आणि समोर चंबळचे डाकू. खंडव्याकडून येणाऱ्या गाड्या रोज बघणाऱ्या आम्हा पोरांना तो मुलूख पुढच्या स्टेशनाइतका जवळ वाटायचा.

माझी आजी उन्हाळ्यात अमळनेरहून यायची. तिला अक्षरओळख नव्हती. एक दिवस मी वेताळचा अंक घेऊन बसले होते. ती शेजारी येऊन टेकली, चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हाऊ घोडा कोना शे?" मी सांगितलं, वेताळचा. मग तिनं माझ्या हातातून अंक काढून घेतला आणि शेवटपर्यंत पानं उलटत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून तिनं आम्हा सगळ्यांना ती गोष्ट अहिराणीत सांगितली. छापलेली गोष्ट आणि तिची गोष्ट यांत फरक होता. तिच्या गोष्टीत वेताळला आई होती आणि ती वाट बघत होती. पण चित्रातलं एकही माणूस तिनं सोडलं नाही. कोण घाबरलं, कोण खोटं बोलतंय, कोण कुणाकडे चोरून बघतंय, सगळं तिला दिसलं होतं. जन्मभर एक ओळ न वाचलेल्या बाईनं एक आख्खं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, ते कॉमिक होतं म्हणून. तिचंच लुगडं मी त्या अंकांना गुंडाळलं आहे.

आता घोड्याचं सांगते. काकांच्या पेटीतल्या एका अंकाचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. पैसे भरून घरी आणलेला अंक, शेवट नाही. आम्ही पाचही जण रडकुंडीला आलो. मग ठरलं की शेवटचं पान आपणच काढायचं. वहीचा कागद मापानं कापला, पट्टीनं चौकटी आखल्या. माझं चित्र बरं म्हणून पेन्सिल माझ्या हातात आली. वेताळ घोड्यावर बसून जंगलाकडे निघाला आहे, अशी शेवटची चौकट ठरली. घोड्याचे पाय काही केल्या जमेनात. चार वेळा खोडलं, कागद फाटायला आला. शेवटी मी पायांच्या जागी उंच गवत काढलं, एका बाजूला कललेलं. खळ लावून ते पान अंकाला चिकटवलं आणि काकांना परत दिलं. काकांनी ते बघितलं, काही बोलले नाहीत, अंक पुन्हा सुतळीवर टाकला. नंतर कितीतरी दिवस मी झाडाजवळ घुटमळायचे. एक लहान मुलगा तो अंक वाचत होता. शेवटच्या पानावर आला आणि भावाला म्हणाला, "बघ, घोडा कसला जोरात पळतोय."

पाय मी काढलेच नव्हते, दादा. ते त्यानं काढले.

मला कॉमिक्सबद्दल जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते कळायला मला पुढची तीस वर्षं लागली. दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते, तिथे काहीही छापलेलं नसतं. एका चौकटीत दाराच्या कडीवर हात, पुढच्या चौकटीत रिकामी खोली आणि हलणारा पडदा. दार उघडलं कधी, आत कोण आलं, पडद्याआडून कोण पळालं, ते सगळं त्या पांढऱ्या पट्टीत घडतं आणि ते आपण घडवतो. स्कॉट मॅक्लाउडनं १९९३ साली कॉमिक्सविषयीचं पुस्तकच कॉमिकच्या रूपात काढलं आणि या रिकाम्या जागेवर पानंच्या पानं खर्च केली. ते तूच मला वाचायला दिलं होतंस. वाचताना मला कललेलं गवत दिसत होतं. वेताळच्या मुखवट्यातून त्याचे डोळे कधी दिसत नाहीत, तिथे कोरी जागा असते, आणि तरी तो कधी रागावला आणि कधी हसला हे प्रत्येक पोराला कळायचं. वसंत हळबे यांनी टिंकल मासिकातल्या शिकारी शंभूची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढून ठेवली, त्याचे डोळे टोपीखालीच राहिले. पण शंभू घाबरला आहे हे कळायला कुणाला डोळे लागले? सिनेमा आपल्या वेगानं पुढे जातो. कॉमिकच्या पानावर तुझी पणजी हवी तेवढी थांबली, मी थांबले, तू तर एका पानावर जेवण विसरायचास.

आणि अर्धं काम वाचणाऱ्यानं केलेलं असतं म्हणूनच दुसरा वाचणारा भेटला की त्याला विचारावंसं वाटतं, तुला काय दिसलं? या वाचकांचं एकमेकांशी इतकं पटकन जुळतं ते त्यामुळेच असावं असं मला वाटतं. अमेरिकेत डोनाल्ड डक वगैरे बदकांच्या कॉमिक्सवर चित्रकाराचं नाव छापत नसत. तरी मुलांना सगळ्या चित्रकारांतून एकाचा हात ओळखू यायचा. नाव माहीत नाही म्हणून ती त्याला नुसतं 'चांगला चित्रकार' म्हणायची. पुढे वाचकांनीच शोध घेऊन कार्ल बार्क्स हे नाव मिळवलं आणि त्याला पत्रं लिहिली. विचार कर, वर्षानुवर्षं निनावी काम करणाऱ्या माणसाला कळतं की कुणीतरी आपली रेघ ओळखत होतं. तिथल्या मासिकांत वाचकांच्या पत्राखाली पूर्ण पत्ता छापायचे, त्या पत्त्यांवर वाचक एकमेकांना लिहायला लागले, आणि त्यातून मंडळं झाली, मेळे झाले. १९७० साली सॅन डिएगोला, १९७५ साली टोकियोला, जिथे वाचक स्वतः काढलेली कॉमिक्स मांडून बसतात. टोकियोच्या त्या मेळ्याचं तू सांगितलंस तेव्हा मला आमचं वहीच्या कागदाचं पानच आठवलं होतं.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, आठशेच्या वर अंक निघाले. ते क्रमांकानं जुळवणारी, एकेका अंकासाठी रद्दीची दुकानं पालथी घालणारी माणसं मला भेटली आहेत. धुळ्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडे मी तुझ्या बाबांबरोबर गेले होते, तुला आठवत असेल. ते नुसती शाई बघून सांगायचे, हा वेताळ विल्सन मॅकॉयनं काढलेला, हा साय बॅरीनं. वेताळचा पोशाख अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत लाल आहे हे मला त्यांनीच सांगितलं. मूळ पट्टी काळीपांढरी होती, ज्यानं त्यानं आपला रंग भरला. माझ्याकडे नसलेले तीन अंक त्यांनी मला दिले, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "वाचून झाले की कुणाला तरी वाचायला द्या, एवढंच." निघताना त्यांच्या बायकोनं मला शेव बांधून दिली. नातं नाही, गोत्र नाही, गाव एक नाही.

हसणाऱ्यांचं म्हणशील तर ते नवीन नाही. मी सातवीत असताना वर्गात एका बाईंनी माझ्या दप्तरातला अंक काढून सगळ्यांसमोर टराटरा फाडला होता. तो काकांचा अंक होता, भरपाई माझ्या वडिलांनी केली. मला अजून तो आवाज आठवतो. अमेरिकेत तर लोकांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या होत्या, कॉमिक्सनं मुलं बिघडतात म्हणून १९५४ साली सिनेटपुढे सुनावणी झाली. त्याच देशात १९९२ साली आर्ट स्पिगेलमनच्या 'माऊस' या कॉमिकला पुलित्झर पारितोषिक मिळालं. तू पहिल्या पगारातून ते मला आणलंस. ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजर दाखवून एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या बापाची आठवण काढतोय. मी दोन रात्रींत वाचलं आणि तिसऱ्या रात्री झोप लागली नाही. तुझ्या ऑफिसातल्या ज्याला कुणाला हसू येतं त्याच्या टेबलावर ते एकदा ठेव आणि काही बोलू नकोस.

तुझ्या वरच्या थरातली जपानी पुस्तकं मला पहिल्यांदा कळली नव्हती. ती उजवीकडून वाचायची असतात, मी डावीकडून सुरू केलं. तू माझा हात धरून पुस्तक फिरवलंस, म्हणालास, "आई, इथून." तेव्हा तू नववीत होतास. नववीतल्या मुलानं आईला वाचायला शिकवलं, हे मी किती जणींना सांगितलं आहे ते तुला माहीत नाही.

रंगकाम सोमवारी सुरू होईल. ट्रंक देवघराजवळ हलवली आहे, वर प्लॅस्टिक घातलं आहे. आणि एक सांगायचं राहिलं. खालच्या मजल्यावरचा मुलगा, सहावीत आहे, परवा ट्रंक उघडी होती तेव्हा आत डोकावला. त्याला मी तुझ्या त्या मालिकेचा पहिला भाग दिला आणि पुस्तक फिरवून दाखवलं, इथून. काल संध्याकाळी दुसरा मागायला आला. आज सकाळी शाळेत जाण्याआधी दारात उभा, दुसराही संपला होता. तिसरा पेटीत नाही, म्हणजे तो तुझ्याकडे पुण्याला आहे. तो रोज विचारतोय, दादा कधी येणार. राखीला येशील तेव्हा आठवणीनं घेऊन ये.

बाबा बरे आहेत. पाऊस अजून म्हणावा तसा नाही. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई