सईची तारीख आधी शोध

स्विंडन,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्धं विसरला असतास, म्हणून लिहून पाठवतोय.

ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात कायम वास्तव्याची तारीख कोणती घालायची, २०१२ ची की २०१९ ची, हे तू विचारलंस. स्वतःच्या अर्जात बिनधास्त २०१९ ची घाल. त्या वर्षी सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटमुळे आपल्यासारख्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना दिलेली इथे कायम राहायची परवानगी, मिळाल्याचं पत्र मेलवर आलं होतं, त्यावरची तारीख. त्यानंतर एक वर्ष थांबावं लागतं, ते कधीच उलटून गेलं. त्याआधीची वर्षं कशी काढलीस, हेही आता उकरून बघत नाहीत. पूर्वी शिकायला आलेल्यांना किंवा स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांना 'आरोग्य विमा होता का' विचारून हैराण करायचे. २८ जून २०२२ पासून ते मिटलं.

२०१२ तुझ्या डोक्यात कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर इथल्या प्रत्येक गोंयकाराच्या घरी तीच चर्चा असायची. नोव्हेंबर २०१५ पासून नियम होता की युरोपियन पासपोर्टवाल्याने आधी पी.आर.चा, म्हणजे कायम वास्तव्याचा, कागद काढायचा, मगच नागरिकत्वाचा अर्ज. फी ६५ पौंड, फॉर्म मात्र ८५ पानी! मी तो जेवणाच्या टेबलावर पसरून भरत होतो, तेव्हा आमची ही म्हणाली, लग्नाच्या यादीलासुद्धा एवढे कागद लागले नव्हते. पण त्या वेळी तारखेला खरंच मोल होतं. पाच वर्षं नोकरीत सलग भरली की पी.आर. कायद्याने आपोआप मिळायचा, कागद हा नुसता पुरावा. म्हणून २०११ ला पाच वर्षं भरलेल्याला २०१६ मध्ये कागद हातात पडल्यावर आणखी वर्षभर थांबायची गरज नसे. ते कागद ३० जून २०२१ नंतर निकामी झाले.

आता तू विचारलंच नाहीस ते सांगतो. २०१२ ची तारीख तुझ्या कामाची नसली तरी सईच्या फार कामाची आहे.

तुझी सई लेस्टरला मार्च २०१३ मध्ये जन्मली. इथे जन्मलेलं मूल ब्रिटिश ठरायला जन्माच्या दिवशी आई किंवा बाप इथे 'स्थायिक', म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेले, असावे लागतात. वहिनी आल्या २००९ ला, म्हणजे त्यांची पाच वर्षं तेव्हा भरली नव्हती. पण तू सप्टेंबर २००७ पासून कामावर आहेस. पाच वर्षं सलग धरली तर सप्टेंबर २०१२ ला तू स्थायिक झालास आणि सई जन्मतःच ब्रिटिश. तिच्यासाठी नागरिकत्वाचा अर्जच नको, थेट पासपोर्ट मागायचा, पुरावा तुझ्या त्या पाच वर्षांचा द्यायचा. तिच्या भावाचं, ओंकारचं, तसं नाही. तो २०१० चा, त्या दिवशी तुमच्यापैकी कोणीच स्थायिक नव्हतं. त्याची नोंदणी करावी लागेल. तोही त्याचा हक्कच आहे, पण फी हजार पौंडांच्या घरात. सईच्या पासपोर्टला शंभरसुद्धा लागत नाहीत. एकाच घरातली दोन पोरं आणि हा फरक! ओंकारचं मात्र तो अठराचा व्हायच्या आत उरकून टाक.

सगळं अडतं ते 'सलग' वर. बाबा आजारी होते तेव्हा तू चार महिने फोंड्याला होतास, त्याची चिंता नको. वर्षात सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तर चालायचं. खरी मेख २००९ ची. मंदीत वेअरहाउसने तुमची अख्खी शिफ्ट काढून टाकली आणि तू काही महिने घरी होतास. त्याआधी वर्षभरापेक्षा जास्त नोकरी झाली होती, काम स्वतःहून सोडलेलं नव्हतं आणि जॉबसेंटरला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नाव घातलं होतंस, म्हणून कायद्याच्या नजरेत तू त्या काळातही कामगारच राहिलास. पण हे दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर घड्याळ नव्या नोकरीपासून पुन्हा सुरू होतं आणि सईचा जन्म पाच वर्षांच्या आत येतो. मग तीही ओंकारच्याच रांगेत.

तर आधी शोधायची ती जॉबसेंटरची पत्रं. दर पंधरा दिवसांनी सही करायला जायचास, ती पुस्तिका वहिनींनी टाकून दिली नसेल तर सोनंच. नसेलच तर नॅशनल इन्शुरन्सचा (पगारातून कापतात तो सरकारी विमा) रेकॉर्ड ऑनलाइन उघडून बघ. बेकारभत्ता घेतला असशील तर त्या आठवड्यांचे क्रेडिट तिथे पडलेले असतात. पी-६०, म्हणजे मालक वर्षअखेरीस देतो तो पगार-टॅक्सचा कागद, पाचही वर्षांचे लागतील. एखादा नसला तर टॅक्सवाल्यांकडून नोकऱ्यांचा इतिहास मागवता येतो, फक्त वेळ लागतो.

आणि ते तुमच्याकडचे 'फॉर्म भरून देणारे' आहेत ना, त्यांच्या नादी लागू नकोस. इथे पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर नोंदणी लागते, नसेल तर तो गुन्हा आहे. सईची फाइल एकदा नोंदणी असलेल्या सल्लागाराला दाखव. तिथे खर्च झालेले पैसे वाया जाणार नाहीत.

तुझ्या अर्जात एकच गोष्ट सांभाळ. अर्ज ज्या दिवशी पोहोचेल, त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी तू या देशात असायला हवास. कोविडमध्ये तू गावी अडकलास आणि नोव्हेंबर २०२० मध्ये परत आलास. म्हणजे आज अर्ज केलास तर तो नाकारला जाऊ शकतो. डिसेंबरपर्यंत थांब. पाच वर्षांत बाहेर ४५० दिवस आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस ही मर्यादा, त्यात तू आरामात बसतोस. यंदा चवथीला (गणपतीला) गावी गेलास तेही धरून सांगतोय. पोर्तुगीज पासपोर्ट सोडावा लागणार नाही, लिस्बनला दोन्ही चालतात.

पी-६० सापडतील तसे फोटो काढून पाठव, क्रमाने लावायचं काम माझ्याकडे. आणि जॉबसेंटरचं काय सापडलं ते येत्या रविवारी कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
उमेश