मधुमेहींना एलडीएलच्या एकाच आकड्यावर निश्चिंत करू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कोलेस्टेरॉलवरचा लेख दोनदा वाचला. चांगले (एचडीएल) कोणते, वाईट (एलडीएल) कोणते हे सोप्या भाषेत सांगितले आहे, त्याबद्दल आभार. पण खालच्या चौकटीतले ‘एलडीएल 100 च्या आत असेल तर निश्चिंत राहा’ हे वाक्य मधुमेहाचे रुग्णही वाचणार, याचा विचार छापण्याआधी कोणीच केला नाही का? याच समजुतीने आमच्या घरात घात केला आहे.

माझ्या यजमानांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वीचा त्यांचा रिपोर्ट मला पाठ आहे: एकूण कोलेस्टेरॉल 180, एचडीएल 30, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 290, एलडीएल 92. ते 92 पाहून आम्ही हुरळलो. आता कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी कशाला, म्हणून ह्यांनी ती डॉक्टरांना न विचारता बंद केली. मीही अडवले नाही. गोळी चालू होती म्हणून आकडा 92 होता, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

अकरा महिन्यांनी एका संध्याकाळी ह्यांना दम लागला, घाम फुटला. छातीत दुखत नव्हते, म्हणून पित्त समजून आम्ही रात्र काढली. सकाळी ईसीजी काढला तेव्हा कळले, हार्ट अटॅक येऊन गेला होता. जुन्या मधुमेहात नसा बधिर झाल्या की छातीतली कळ जाणवेलच असे नाही. हे कोणी आधी सांगितले असते तर ती रात्र वाया गेली नसती.

आयसीयूबाहेरच्या बाकावर मी तो रिपोर्ट पहिल्यांदा नीट वाचला. एलडीएल पुष्कळदा मोजलेले नसते, वजाबाकीने काढलेले असते. एकूणातून एचडीएल वजा, वर ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा: 180 मधून 30 गेले, 58 गेले, राहिले 92. ट्रायग्लिसराइड चढलेले असले की या हिशेबात एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते, आणि 400 च्या वर तर हे सूत्र वापरतच नाहीत. त्यात मधुमेहात एलडीएलचे कण बहुधा बारीक आणि दाट असतात. म्हणजे कोलेस्टेरॉल तेवढेच, पण कण जास्त. आणि धमनीच्या अस्तरात घुसतात ते कणच. म्हणून एकूणातून फक्त एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल, म्हणजे सगळे वाईट कोलेस्टेरॉल मिळून, पाहायचे असते. मधुमेहींत ते निदान 130 च्या आत हवे. ह्यांचे 150 होते, गोळी चालू असताना! तो आकडा रिपोर्टवर छापलेलासुद्धा नव्हता आणि तुमच्या लेखातही त्याचा उल्लेख नाही.

उलट ‘चांगले कोलेस्टेरॉल वाढवा’ यावर अर्धा रकाना खर्च केला आहे. एचडीएल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची मोठी चाचणी 2006 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. नुसते एचडीएल चढवून धमन्या वाचत नाहीत.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाला चिकटून, धमन्यांतले ब्लॉकेज विरघळवण्याची हमी देणारी जाहिरात आहे. लेखाच्या शेजारी आल्याने ती वैद्यकीय सल्ल्यासारखी वाचली जाते. अशा जाहिराती आरोग्याच्या पानावर घेऊ नयेत.

चौकटीतल्या वाक्याची दुरुस्ती येत्या पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावी. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, हे त्यात ठळक अक्षरांत असावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक