रविवारी विमानं आणताना

मंडळी, रिमोटवरची मॉडेल विमानं उडवायला रविवारी सकाळी ७ वाजता नेहमीच्या माळावर जमूया. ९ नंतर वारा उठतो, तेव्हा उशीर नको.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी शनिवारी रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. जवळ कोणीतरी जागं हवं. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरला की थांबा. फुगलेला पॅक आणूच नका. 'फक्त एकच फ्लाइट' वगैरे ऐकून घेतलं जाणार नाही.

गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोलून राहतं ती जागा, घरीच तपासा, तोही बॅटरी आत बसवून. साध्या ट्रेनरला (शिकाऊंच्या विमानाला) तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. नाक जरा जड असलं तर चालतं, शेपटी जड असलेलं विमान मात्र जुन्याजाणत्यांनाही आवरत नाही.

मैदानात आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू, मग विमानाची बॅटरी; बंद करताना उलट क्रम. बॅटरी जोडली की प्रोपेलरजवळ हात नको. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर जायला हवा, हे विमानाच्या मागे उभं राहून बघा. दुरुस्तीनंतर सर्व्हो (ती पट्टी हलवणारी छोटी मोटर) उलटा चालणं नेहमीचंच.

टायमर लावा. सेल ३.५ व्होल्टच्या खाली जाण्याआधी विमान उतरवा, न वापरलेले पॅक घरी ३.८ वर आणून ठेवा.

बॅटरी पेटलीच तर लागणारी वाळूची बादली कोण आणतंय, ते शुक्रवारपर्यंत कळवा.