व्हॅक्यूमच्या नळीत स्क्रू कशासाठी?

महोदय,

जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अलीकडे आमच्या भागातही दिसू लागली आहे आणि त्याविषयी जे काही छापून येते त्यात रंग, क्रोम आणि गाद्यांचे कापड यांचेच कौतुक असते. बोनेटखालच्या ज्या बारीक रबरी व्हॅक्यूमच्या (इंजिनाची ओढ पोचवणाऱ्या) नळ्यांवर गाडीचे आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन हळू चालत राहणे), पिकअप आणि ब्रेक अशी तिन्ही कामे अवलंबून असतात, त्यांची आठवण कोणालाच होत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या काकांची १९९० सालची कॉन्टेसा त्यांच्या पश्चात सात पावसाळे मांगरात उभी होती. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली ही गाडी आणली तेव्हा तिच्यात ॲम्बेसेडरचेच १४८९ सीसीचे इंजिन होते. पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आले, ते या गाडीत आहे. बोनेट उघडले तेव्हा तीन नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, दोन कडक होऊन तडकल्या होत्या आणि चार नळ्यांच्या तोंडांत चक्क पत्र्याचे स्क्रू पिळलेले होते. उंदरांबद्दल माझी तक्रार नाही. स्क्रू मात्र कोणा मेस्त्रींनी बसवले होते आणि काकांनी त्याचे पैसे मोजले होते.

आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, पिस्टन हवा ओढतच राहतात आणि त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यात) बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब तयार होतो. सुस्थितीतल्या इंजिनाला गेज लावले तर समुद्रसपाटीवर काटा साधारण १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. उंचीच्या दर हजार फुटांमागे हे माप सुमारे एका इंचाने उतरते, तेव्हा वेंगुर्ल्यात जुळवलेल्या गाडीचा काटा आंबोलीत दोनेक इंच खाली दिसला तर तो दोष समजू नये. नळी फुटली की न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळू लागते. मग गॅरेजमध्ये कार्ब्युरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवले जाते, गाडी तात्पुरती गप्प होते, आणि मूळ भोक तसेच राहून पेट्रोलचा खर्च आणि धूर दोन्ही वाढतात. हा केवळ हौशीचा प्रश्न नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ ही सवलत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीलाच मिळते. आमच्यासारख्यांच्या गाड्यांना नेहमीच्याच पीयूसीला सामोरे जावे लागते, आणि २००० सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारीला तिथे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे.

नळी बंद करणे प्रत्येक वेळी चूक असते असे मी म्हणत नाही. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जुळवताना डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावेच लागते. माझा अंदाज असा की, चारपैकी एक स्क्रू याच कामासाठी दहा मिनिटांपुरता घातला गेला आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहिला. त्या नळीचे टोक तोंडात धरून हवा ओढली तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट व्यवस्थित सरकली आणि ओढ धरून ठेवली तोवर जागेवर राहिली, म्हणजे ओढीने प्लेट सरकवणारा आतला रबरी पडदा शाबूत होता. आता ही नळी कार्ब्युरेटरवर थ्रॉटलच्या वरच्या बाजूच्या निपलला जोडली आहे, जिथे आयडलिंगला ओढ नसते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती येते. तीच नळी मी आधी थेट मॅनिफोल्डला लावली होती, तेव्हा उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण रेस होत होते.

सर्वांत गंभीर गोष्ट सर्व्होच्या, म्हणजे ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या, जाड नळीची. आंबोलीचा घाट उतरताना ब्रेकच्या पॅडलला जी हलकी साथ मिळते ती याच नळीतून येते, आणि ती नळी गळकी असेल तर पॅडल दगडासारखे लागते. तपासणी घरच्या घरी होते: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन चालू करावे; पॅडल किंचित खाली गेले पाहिजे. आमचे गेले नाही. नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो मीच उलटा बसवला होता. (त्यासाठी मेस्त्रींना बोल लावण्याची संधी हुकली.) पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की सर्व्होत साठलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते.

कोणती नळी गळते हे शोधण्यासाठी नळीवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची पद्धत मी पाहिली आहे. तापलेल्या इंजिनावर ती आगीला आमंत्रण देणारी आहे. चालू इंजिनावर एकेक नळी मऊ कापड लावलेल्या पकडीने चिमटीत धरावी. जिथे आयडलिंग बदलते त्या नळीवर संशय घ्यावा, फक्त पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या) नळीबाबत हा बदल अपेक्षितच असतो. नवी नळी घेताना आतला व्यास निपलशी घट्ट जुळला पाहिजे. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी उष्णतेने मऊ पडून ओढीने चपटी होते, आणि दिसायला छान असलेली रंगीत सिलिकॉनची नळी पेट्रोलची वाफ झिरपू देते, म्हणून तशा जागी ती नको. आमच्याकडे खाऱ्या हवेने क्लिपाही लवकर गंजतात, तेव्हा त्या स्टेनलेसच्या घेतलेल्या बऱ्या.

आपल्यामार्फत गॅरेजवाल्यांना माझी एकच विनंती आहे: नळी काढण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावावी आणि नळी बंद करावीच लागली तर गाडीच्या मालकाला तसे बिलावर लिहून द्यावे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या हातीही एखादे कार्ब्युरेटरचे इंजिन आणि व्हॅक्यूम गेज आवर्जून द्यावे, कारण हे काम येणारे जुने मेस्त्री आता एकेक करून गॅरेज बंद करत आहेत.

आमच्या गाडीच्या मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला एक बारीक निपल आहे, ज्याची नळी कुठे जात असावी हे अद्याप उलगडलेले नाही. सध्या त्यावर मीही रबरी टोपीच चढवून ठेवली आहे. कोणा वाचकाकडे १.८ इंजिनाची, मूळ नळ्या शाबूत असलेली कॉन्टेसा असेल तर तिचे बोनेट उघडून एक छायाचित्र कृपया आपल्या कार्यालयाकडे पाठवावे. मी ते तिथून घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक
उभादांडा, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)